पऱ्यावरचा साकव : कामाच्या नोंदी

२ फेब्रुवारी २०२५

गोठ्याकडे जायच्या वाटेवरचा जुना साकव, म्हणजे छोटा पूल, आज उतरवला. पऱ्या म्हणजे ओहोळ, लहानच. पावसाळ्यात दुथडी वाहतो, माघात कोरडा पडतो. पण पुढे लगेच खाडी असल्याने अमावास्या-पुनवेच्या उधाणाला खारं पाणी उलटं आत शिरतं आणि साकवाखाली हातभर उभं राहतं. गाव दाभोळ खाडीच्या दक्षिणेला, गुहागर तालुक्यात. म्हणजे खालून खारं पाणी आणि वरून बारा महिने खारा वारा.

स्लॅब मोडायला घण फारसा लागलाच नाही. खालच्या बाजूचं काँक्रीट सळ्यांच्या रेषेत आधीच सुटलं होतं. गंजलेलं लोखंड मूळच्या दुपटीहून जास्त जागा मागतं, ती मिळाली नाही की काँक्रीट फोडून बाहेर येतं. सळईवरून गंजाचे पापुद्रे नखाने निघत होते आणि आत काही ठिकाणी उदबत्तीच्या काडीएवढंच लोखंड उरलं होतं. फूटपट्टी लावून पाहिलं : सळईच्या खाली जेमतेम १२ मिमी काँक्रीट (यालाच कव्हर म्हणतात). दोन जागी सळईखाली टेकू म्हणून ठेवलेला चिऱ्याचा तुकडा तसाच सापडला. चिरा म्हणजे जांभा, सच्छिद्र दगड. खालचं खारं पाणी थेट सळईला नेऊन पोचवायची सोयच ती.

मोडलेला एक तुकडा घरी आणला. त्यावर तांब्यातलं पाणी ओतलं तर ओघळ खाली येण्याआधीच ते आत मुरलं. कडेला टाचणी जाईल अशी भोकं, आणि खडी बोटाने सुटत होती.

मिस्त्री म्हणाले, "रेती खारी होती वहिनी, दुसरं काय!" रेती असेलही खारी. पण इतकं पाणी पिणारं काँक्रीट खाऱ्या रेतीने होत नाही, कालवताना ओतलेल्या जास्तीच्या पाण्याने होतं. सिमेंटला घट्ट व्हायला त्याच्या वजनाच्या साधारण पावपट पाणी पुरतं. वरचं पाणी माल हलवायला, थापायला सोपा जावा म्हणून असतं. ते नंतर उडून जातं आणि त्याच्या वाटा मात्र आत राहतात. त्याच वाटांनी मीठ येतं.

ठरलं ते असं : नवा साकव १.८ मीटर लांब, १.५ मीटर रुंद, १५ सेंमी जाड. माणसं आणि गुरं जातील, गाडी नाही. सळ्या ओळखीच्या इंजिनिअरने काढून दिल्या : खाली १० मिमीच्या १५ सेंमीवर, आडव्या ८ मिमीच्या २० सेंमीवर. मालाचं माझ्याकडे.

४ फेब्रुवारी

रेती. इथे दोन वाटा आहेत. एक खाडीतली हातपाटीची रेती, दुसरी क्रशरवर दगड फोडून केलेली क्रश सँड.

खाडीची रेती दिसायला सुंदर. गोल दाणा, माल मऊ होतो, म्हणून गवंड्यांना तीच आवडते. शिंपल्यांचे बारीक तुकडे असतात, त्यांचं फारसं काही बिघडत नाही. बिघडतं ते दाण्याला चिकटलेल्या मिठाने. मीठ पाण्यात विरघळतं, त्यामुळे गोड्या पाण्याने नीट धुतली तर रेती वापरता येते. मात्र ढिगावर पाइप धरला म्हणजे धुतली असं नाही. ताडपत्रीवर उतार देऊन वीतभर थर पसरायचा, पाणी सोडायचं, पूर्ण निथळू द्यायचं, पुन्हा सोडायचं. गिलाव्यावर लोणा येतो तो बऱ्याचदा हे न केल्यामुळे.

क्रश सँडमध्ये मिठाचा प्रश्न नाही, भुकटीचा आहे. क्रशरवर खडी फोडताना खाली पडणारी कच वेगळी आणि रेती म्हणून मुद्दाम फोडून, धुऊन काढलेला माल वेगळा. दुकानदार दोन्हीला क्रश सँडच म्हणतात. मूठभर घेऊन तळव्यावर चोळली आणि झटकली : हात पांढरा-राखी राहिला तर कच. मग काचेच्या बरणीत अर्ध्यापर्यंत रेती, वर पाणी, चिमूटभर मीठ (गाळ लवकर बसतो), जोरात हलवून तीन तास ठेवली. आज दोन ठिकाणचे नमुने असे लावले होते. एका बरणीत रेतीवर बोटभर राखी चिखल बसला, दुसरीत नखाएवढी रेघ. दुसरी घेतली.

स्लॅबला क्रश सँड. पायाच्या पीसीसीला (साध्या काँक्रीटला) आणि दगडी बांधकामाला, जिथे लोखंड नाही तिथे, धुतलेली खाडीची. मिठाला हवं असतं लोखंड, साध्या काँक्रीटचं ते तितकं वाकडं करत नाही.

६ फेब्रुवारी

आमच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं. फेब्रुवारीत चवीला गोड लागतं, पण जिभेवर विसंबून लोखंड घालणं बरं नव्हे. बाटली भरून तपासायला दिली. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे सळ्या असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराईड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत हवं, बिनसळ्यांच्या कामाला २००० पर्यंत चालतं. आमचं पाणी पहिल्या मर्यादेच्या बरंच खाली निघालं. हेच काम मे महिन्यावर ढकललं असतं तर पाणी विकत आणावं लागलं असतं.

खाडीकाठी लोक कालवायला गोडं पाणी घेतात आणि स्लॅबवर मारायला मात्र खाडीचा पंप लावतात. पुढचे दहा दिवस ते पाणी ओल्या, कोवळ्या काँक्रीटमध्ये मुरत राहतं. मग कालवायचं पाणी तपासून मिळवलं काय?

९ फेब्रुवारी

सिमेंट शृंगारतळीहून. समुद्रकाठाला स्लॅगचं (लोखंडाच्या भट्टीतल्या मळीचं) सिमेंट चांगलं, पण दुकानात पीपीसीच (राख मिसळलेलं) होतं आणि तेही चालतं. त्यातली राख काँक्रीट आतून घट्ट करते, मात्र सावकाश, म्हणून पाणी जास्त दिवस मारावं लागतं. पोत्यावर छापलेला आठवडा पाहून घेतला. कोकणच्या दमट हवेत तीन महिन्यांचं पोतं म्हणजे निम्मा भरवसा. भिंतीपासून लांब, फळ्यांवर ठेवलंय.

१२ फेब्रुवारी

सुताराकडून रेती-खडी मोजायचा फर्मा करून आणला. आतून ४० × ३५ × २५ सेंमी, म्हणजे बरोबर ३५ लिटर, म्हणजे ५० किलोच्या एका पोत्यातलं सिमेंट. तळ नाही, दोन्ही बाजूंना दांडे. ठेवायचा, भरायचा, वरून फळी फिरवायची, उचलायचा.

घमेल्याने मोजायला माझी ना नाही, पण घमेलं कोण भरतो त्यावर ते अवलंबून असतं. सकाळचं शिगोशीग घमेलं आणि दुपारी जेवणानंतरचं घमेलं यांत पाव भागाचा फरक पडतो. सिमेंट कधीच घमेल्याने मोजायचं नाही. एका वेळी एक अख्खं पोतं, फोडून अर्धं-पाव करायचं नाही.

प्रमाणं (सिमेंट : रेती : खडी; १॥ म्हणजे दीड) :
पायाचं पीसीसी १:३:६, पोत्यामागे पाणी जास्तीत जास्त ३४ लिटर.
साधा कोबा, गडग्याची (दगडी कुंपणाची) टोपी १:२:४, पाणी ३२ लिटरच्या आत.
स्लॅब १:१॥:३, पाणी ३० लिटरच्या आत. पण हा आकडा साध्या हवेतल्या कामाचा. किनाऱ्यावर सळ्या असतील तर आयएस ४५६ पाणी सिमेंटच्या ०.४५ पटीवर आणतं, कव्हर ४५ मिमी मागतं आणि ग्रेड एम-३० (आकडा मोठा तितकं काँक्रीट मजबूत). एम-३० फर्म्याने मोजून होत नाही, त्याला डिझाइन मिक्स, म्हणजे वजनाने ठरवलेलं प्रमाण, लागतं. फर्म्याच्या कामाची हद्द एम-२०.

तेव्हा घराचा स्लॅब असता तर मी हे हाताने करायला बसले नसते. साकव लहान, खालून उघडा, केव्हाही वाकून बघता येणारा. इथे प्रमाण १:१॥:३ चं, हाताने कालवायचं म्हणून सिमेंट दहा टक्के जास्त, आणि पाणी व कव्हर मात्र किनाऱ्याच्या हिशोबाने.

२१ फेब्रुवारी

अष्टमी आली, भांग लागला, म्हणजे भरतीचा जोर उतरला. पाया भरायला हाच मुहूर्त. उधाणात चर पाण्याने भरतो आणि ताज्या मालातलं सिमेंट धुऊन नेतो. दोन्ही काठांना मुरूम लागेपर्यंत चर घेऊन १५ सेंमी पीसीसी टाकलं. चरात थोडं पाणी झिरपलं होतं ते आधी डब्याने उपसून काढलं. "माल तसाच टाकू, पाणी आपोआप वर येईल" हा सल्ला इथे सगळेच देतात. पाणी वर येतं खरं, येताना सिमेंट घेऊन येतं.

याच वेळी सळ्यांखाली ठेवायचे कव्हर ब्लॉक पाडून घेतले. सिमेंट-रेतीचा १:२ चा घट्ट माल, ४५ मिमी जाडीचा थर, अर्धवट सुकल्यावर थापीने चौकोन कापले आणि प्रत्येकात बाइंडिंग वायर खोचली. उद्यापासून पाण्याच्या टबात.

२७ फेब्रुवारी

काठाच्या भिंती झाल्या. पाणी पोचतं तिथवर काळा दगड, वर चिरा. चिरा हवेत टणक होतो, पण वाहत्या पाण्याखाली त्याचा भुगा होतो. चिरे लावण्याआधी भिजवून घेतले, नाहीतर ते मालातलं पाणी ओढून घेतात.

७ मार्च

सेंट्रिंग (स्लॅबचा फळ्यांचा साचा) उभं राहिलं, सळ्या बांधल्या. मिस्त्रींच्या गड्याने सवयीने सळईखाली खडी सरकवली होती, ती काढून ब्लॉक लावले. सळ्यांवर उभं राहून पाहिलं. ब्लॉक हलले नाहीत.

आता मुख्य मोजणी. क्रश सँड ओली आली आहे. ओली रेती फुगते. दाण्यांभोवती पाण्याची साय धरली की दाणे एकमेकांपासून दूर राहतात आणि तीच रेती जास्त जागा व्यापते. कोरडी नाही फुगत, पुरती बुडालेलीही नाही फुगत, ओलसर तेवढी फुगते. उभ्या स्टीलच्या डब्यात २० सेंमीपर्यंत ओली रेती न दाबता भरली, परातीत काढली, डब्यात अर्ध्यापर्यंत पाणी घेतलं आणि रेती परत सोडून ढवळली. बसली ती १६ सेंमीवर. सोळाची वीस झाली होती, म्हणजे पंचवीस टक्के फुगवटा. दीड फर्मा रेती हवी तिथे फर्म्याने दीडच मोजली असती तर प्रत्यक्षात सव्वाच्या खाली गेली असती, माल खडीदार झाला असता, आणि मग तो मऊ करायला कुणीतरी बादली उचललीच असती. उद्या पावणेदोन फर्मे आणि वर अर्धं घमेलं.

दुसरी मोजणी रेतीतल्या पाण्याची. ढिगाच्या पोटातून रेती घेऊन स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक किलो तोलली आणि जुन्या लोखंडी कढईत परतली. आधी वाफ येते, रेती कढईला चिकटते, उलथन्याला जड लागते. मग रंग काळपटाचा फिका राखी होतो, दाणे सुटे होऊन खुळखुळ वाजायला लागतात. वर आरसा धरला, धुकं येईना, तेव्हा उतरवली. भरली ९५० ग्रॅम. एका पोत्याच्या मालाला साधारण ८० किलो रेती लागते, म्हणजे चार लिटर पाणी बादली उचलण्याआधीच मालात आहे.

सिमेंट ५० आणि वरचं ५, एकूण ५५ किलो. त्याच्या ०.४५ पट म्हणजे पावणेपंचवीस लिटर. त्यातून रेतीतलं चार गेलं, राहिलं वीस-एकवीस. रंगाची २० लिटरची बादली घासून घेतली, आत खिळ्याने रेघ मारली. एक बादली आणि एक तांब्या. मिस्त्रींच्या हिशोबात पोत्याला घरच्या अडीच बादल्या जातात. घरची बादली मोजली, १५ लिटरची निघाली. साडेसदतीस लिटर झाले, रेतीतलं वेगळंच.

खडीवर संध्याकाळी पाणी शिंपडून ठेवलंय, म्हणजे भुकटीही गेली आणि तहानही भागली.

८ मार्च

सकाळी साडेसहाला सुरुवात. दहानंतर वारा सुटतो आणि ताज्या स्लॅबचा वरचा पापुद्रा ओढून वाळवतो, त्यातून बारीक भेगा जातात. त्याआधी आटपायचं होतं.

कालवायला पत्रा अंथरला. जमिनीवर कालवलं तर माती येते आणि पाणी जातं. आधी रेती आणि सिमेंट कोरडंच तीनदा पालटलं, सगळीकडे एकच राखी रंग येईपर्यंत. मग खडी : २० मिमीचे दोन फर्मे, १२ मिमीचा एक. पुन्हा पालटलं. मधोमध आळं करून पाऊण भाग पाणी, उरलेलं नंतर झारीने. प्लास्टिसायझर पाण्यातच मिसळून घेतलं, डब्यावर क्लोराईडविरहित लिहिलेलं पाहूनच आणलं होतं. हे नसतं तर एवढ्या कमी पाण्यात क्रश सँडचा टोकदार दाणा हलला नसता. त्याचा पैसा मी सिमेंटइतकाच आवश्यक धरते.

पहिला माल पाहून मिस्त्रींनी फावडं टेकवलं. "हा माल नाही वहिनी, हा भुसा आहे. थापी कशी लागायची याला?"

"तीन पालट्या अजून मारा. मग बोलू."

पाणी घातल्यावर पहिल्या पालटीला माल नेहमीच कोरडा वाटतो, आणि तिथेच बादली ओतली जाते. खरं म्हणजे पाणी तेव्हा एकाच जागी असतं, सगळीकडे पोचलेलं नसतं. चौथ्या पालटीला मालाला तकाकी आली. थापीने दाबलं तर वर साय धरली, थापी उचलल्यावर माल जागचा हलला नाही. पत्र्याचा शंकू करून आणला होता, ३० सेंमी उंच, खाली २०, वर १०. थराथरात भरून प्रत्येक थर सळईने पंचवीसदा खुंटला, शंकू उचलला. माल सहा सेंमी बसला. अशा स्लॅबला अडीच ते साडेसात चालतो. मिस्त्रींनी शंकू उलटसुलट करून पाहिला आणि मग गड्याला म्हणाले, "ती पायपाची तोटी बंद कर रे." माझं निम्मं काम तिथे झालं.

घट्ट मालाला एक मोल द्यावं लागतं, तो खुंटावा लागतो. आत पाच टक्के पोकळी राहिली तर ताकद जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरते, मग पाणी वाचवून हशील काय? इतक्या लहान कामाला व्हायब्रेटर भाड्याने आणायला परवडत नाही. एकाने सळईने खुंटायचं, दुसऱ्याने सेंट्रिंगच्या फळ्यांना बाहेरून लाकडी हातोडीने ठोकायचं. ठोकल्यावर कडेने बुडबुडे येतात, ते थांबले की पुढे. कोपऱ्यात, कव्हर ब्लॉकच्या आजूबाजूला जास्त वेळ दिला.

चार पोती आणि वरचं दहा टक्के सिमेंट लागलं. चौथ्यातला उरलेला माल गडग्याच्या टोपीवर गेला. कुणीतरी घट्ट झालेल्या शेवटच्या घमेल्यात पाणी घालून तो जिवंत करायला निघाला होता. घट्ट होत आलेल्या मालाला पाणी घालणं म्हणजे दुसऱ्यांदा मोडणं. ते घमेलं वाटेतल्या खड्ड्यात ओतलं.

वर रंधा मारल्यावर ओलं गोणपाट, पण माल बोटाला चिकटायचा थांबल्यावरच. गुरांचे पाय घसरू नयेत म्हणून खराट्याने आडव्या रेघा ओढल्या.

१० मार्च

कडेने सिमेंट-रेतीची आळी करून स्लॅबवर पाणी उभं केलं. विहिरीचंच. गोणपाट दुपारपर्यंत कोरडं पडत होतं, आळ्यातलं पाणी टिकतं. पीपीसीला किमान दहा दिवस, मी चौदा धरलेत.

१४ मार्च

शिमगा. मिस्त्री, गडी, सगळे पालखीबरोबर. पालखी आमच्या अंगणातही नाचली, ढोलाने साकवावरचं पाणी थरथरत होतं. खाली पुनवेचं उधाण सेंट्रिंगच्या फळ्यांना लागलंय, त्या अजून जागेवर आहेत हे बरं. सात दिवसांत टेकू काढून पुढच्या कामाला न्यायचे असं मिस्त्रींचं चाललं होतं. एवढ्या लहान स्लॅबला सात दिवसांनी काढलं तर पडलं नसतं, पण कोवळ्या पोटाला पहिल्याच उधाणाचं खारं पाणी लागलं असतं.

२२ मार्च

भांग पाहून सेंट्रिंग सोडवलं. पोटाकडची बाजू गुळगुळीत, फळ्यांच्या रेघा दिसतात. एका कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागी खडी उघडी राहिली आहे. तारेच्या ब्रशने घासून, ओलं करून, सिमेंटचा पातळ घोळ लावून १:२ च्या घट्ट मालाने दाबून भरली. तिथेही तीन-चार दिवस ओलं फडकं बांधून ठेवायचं.

जुन्या साकवाचा आणलेला तुकडा आणि गडग्यावरच्या टोपीची तुटलेली कड शेजारी ठेवून दोन्हीवर पाणी ओतलं. टोपीच्या कडेवरून ते ओघळून खाली आलं, वर थेंब उभे राहिले.

२५ मार्च

उरलंय : सिमेंटचं एक पोतं, क्रश सँड पाव ब्रासच्या (पंचवीस घनफुटांच्या) आसपास, १२ मिमीची थोडी खडी. मोरीमागचा कोबा यातच उरकायचा. १:२:४, उतार मीटरला दोन सेंमी, रेती आता उन्हाने कोरडी झाली आहे तेव्हा फुगवटा आणि पाणी दोन्ही नव्याने मोजायचं. मिस्त्री पाडव्यानंतर येतो म्हणालेत. फर्मा त्यांच्याकडेच आहे, खालच्या आळीत संडासाच्या टाकीचं झाकण भरतायत. रेघेची बादलीही नेली आहे.